उलट्या केबिनींची रांग

केबिनीत शिरल्या शिरल्या टेस्टरनं किल्लीचं कार्ड खाचेत सरकवलं आणि दाराशेजारचं बटण दाबलं. छतातला दिवा लागायला हवा होता. लागला कुठला, तर पार पलीकडे पलंगाच्या उशाशी असलेला, पुस्तक वाचायचा इवलासा दिवा. बायकोला बंदरावरच्या रांगेतच न्हाणीघराची घाई झाली होती. तिनं न्हाणीघराबाहेरचं बटण दाबलं, तर छत उजळलं आणि न्हाणीघरात काळोखच. "आता गं बया," म्हणत ती तशीच चाचपडत आत गेली. टेस्टर पलंगाशी गेला, तिथलं बटण त्यानं दाबलं, आणि आतून आवाज आला, "हां, लागला एकदाचा!" खात्री करावी म्हणून त्यानं तेच बटण पुन्हा दाबलं.

"अहो! मी आत आहे ना!"

त्यानं घाईघाईनं दिवा लावला आणि पलंगाच्या काठावर मटकन बसला. आपण कुठल्या रांगेत येऊन पडलोय हे त्याला कळून चुकलं होतं.

आता हा टेस्टर म्हणजे कुणी गोंधळलेला साधा प्रवासी नव्हे हं. हे जहाज गोदीत बांधत होते तेव्हा ह्या मजल्यावर वायर ओढणाऱ्या टोळीचा तो मुख्य होता. खिशाला टेस्टर लावल्याशिवाय हा माणूस स्वतःच्या लग्नातसुद्धा उभा राहिला नाही, म्हणून गोदी त्याचं खरं नाव विसरून त्याला टेस्टरच म्हणू लागली. बावीस वर्षांपूर्वी ह्या मजल्यावर एक चूक झाली. चाळीस केबिनींत दिवे एकीकडे आणि बटणं भलतीकडे. ती चूक टेस्टरच्या नावावर होती. घरात तिची चक्क थट्टा झाली होती. मुलीनं लहानपणी बूट उलटे घातले की बायको म्हणायची, "आली बाबांची केबिन!" दूध उतू गेलं, किल्ली कुलपात उलटी लागली, काहीही झालं तरी बाबांची केबिन. तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

आता त्याच मुलीनं आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ही सफर ठरवली. जहाज मुद्दाम हेच घेतलं, मजलाही मुद्दाम तोच मागितला. "बाबा, शंभर केबिनी सरळ केल्यात, त्या नाही दिसत कुणाला. जाऊन बघा तरी आपलं काम." बायकोनं मोडता घालून पाहिला. दुसरं जहाज घेऊ, डोंगरावर जाऊ, नाहीतर घरीच बरे. पण मुलगी कसली ऐकते!

ती चूक झाली कशी ते एकदा नीट समजून घ्या. जहाजातल्या केबिनी जोडीनं असतात, पाठीला पाठ लावून. एक डावी, एक उजवी. एकीत पलंग ज्या अंगाला, दुसरीत त्याच्या बरोबर उलट, आरशात पाहिल्यासारखं. विषम आकड्यांच्या डाव्या, सम आकड्यांच्या उजव्या. म्हणून वायरमनकडे फर्मेही दोन असायचे, प्लायवूडचे, त्यांवर भोकं आणि कुठली वायर कुठे जाते त्याचे आकडे. डाव्या केबिनीचा फर्मा उजवीत धरला की भोकं जुळतात, सगळं ठाकठीक बसतं, आणि तीन दिवे आपापली बटणं सोडून भलत्याच बटणांकडे जातात. हे असलं गाढवपण गोदीबाहेरच्या माणसाला जमायचंच नाही.

आणि टेस्टरच्या टोळीचा कायदा कडक होता. एका रांगेला एकच हात. ज्यानं रांग उघडली त्यानंच बंद करायची, दुसऱ्यानं अर्ध्यात बोट घालायचं नाही. बटणं बसवायला दोन रांगा होत्या, दोन माणसं होती. एक टेस्टर, दुसरा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला गोदीत चिकटवलं टेस्टरनंच, वायर सोलायला शिकवलं तेही त्यानंच. नेमका त्याच आठवड्यात टेस्टरला ताप भरला. चार दिवस तो गोळ्या गिळून कामावर उभा होता, डोळ्यांपुढे सगळं पांढरंफटक. कुठल्या रांगेत आपण काम केलं, किती केलं, काही म्हणजे काही आठवेना. कामाचे तक्ते मेहुण्यानं भरले आणि ह्यानं न वाचता खाली सही ठोकली. जहाज ताब्यात द्यायला दोन दिवस उरले असताना तपासणीत भांडं फुटलं. भिंतींचे पत्रे चढलेले, चाळीस केबिनी पुन्हा उघडायला वेळ नाही. तक्त्यात सम आकड्यांच्या रांगेपुढे टेस्टरचं नाव.

मेहुणा त्याला जिन्याखाली घेऊन गेला होता. डोळे खाली घालून म्हणाला, "भावजी, तापात तुम्ही डावा फर्मा उचललात. मी बघितलं, पण तुम्हाला टोकायचा धीर झाला नाही."

आणि टेस्टरनं विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? घरचा माणूस. उलट त्याला मेहुण्याचीच दया आली, बिचारा मनात ठेवून कुढत होता म्हणून. साहेबांनी टेस्टरला जहाजावरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं. बल्ब द्यायचे, टेप द्यायची, सही घ्यायची. तिथूनच तो निवृत्त झाला. मेहुणा चढत चढत फोरमन झाला. पण खरं सांगायचं तर खुर्ची गेल्याचं टेस्टरला फारसं काही वाटलं नव्हतं. त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला होता. ज्या हातांनी चाळीस केबिनी उलट्या केल्या ते उद्या घर पेटवतील, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं वायरीला हात लावायचं सोडलं ते सोडलंच. घरातला पंखा बंद पडला तर वायरमन बाहेरून यायचा, आणि टेस्टर, अख्ख्या गोदीचा गुरू, खाली स्टूल धरून उभा राहायचा. मुलीनं घर बांधलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, वायरिंग तुम्हीच करा ना." हा कामाचं निमित्त काढून गावाला निघून गेला. खिशातला टेस्टर तेवढा राहिला, आणि तो आज बंदरावरच्या तपासणीवाल्यानं काढून घेतला होता.

केबिन साफ करणारी बाई टॉवेल घेऊन आली. टेस्टरनं बटणांकडे नुसतं पाहिलं आणि ती हसत सुटली. "ह्या मजल्यावरच्या सगळ्या सम आकड्यांच्या अशाच आहेत, साहेब. दाराचं बटण उशाला, उशाचं न्हाणीला, न्हाणीचं छताला. दोन दिवसांत सवय होते. लोक विचारतात, कुठल्या शहाण्यानं हे केलं हो?"

टेस्टर खिडकीबाहेर बघू लागला. बायको हसली. सवयीनं हसली, जशी घरी हसायची तशी.

बाई गेली. दुपारची उन्हं खिडकीतून पार दारापर्यंत आली होती. जहाज संध्याकाळी सुटायचं होतं. मग तो एकाएकी उठला. "तुझा नेलकटर दे बघू."

"कशाला?"

"चाळीस नाही, पण ही एक तरी सरळ करून जातो. माझी घाण मीच निस्तरतो."

"काही नको! शॉक बसेल. ते लोक ओरडतील. अहो, राहू द्या ना, आपण फिरायला आलोय की नाही?"

"बावीस वर्षांनी हात लावावासा वाटतोय, तर लावू दे की गं."

तिनं आणखी दोनदा नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढून घेतलं, तशी केबिनीतली वीज गेली. तिन्ही बटणं दाबून बघितली, मग पुन्हा एकदा बघितली. नेलकटरच्या पात्यानं दाराशेजारच्या पट्टीचे स्क्रू सोडवायला सुरुवात केली. पहिला स्क्रू दोनदा निसटला. पट्टी सुटली, त्यानं ती उन्हाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवून डोळे अगदी जवळ नेले आणि तसाच थांबला.

बटणाच्या स्क्रूखाली तार धरायची तर तिच्या टोकाचा आकडा, म्हणजे हुक, करावा लागतो. तो आकडा स्क्रू ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला वळवायचा, म्हणजे आवळताना तार आत ओढली जाते. उलटा वळवला तर तार बाहेर फेकली जाते. टोळीतल्या प्रत्येकाच्या कानीकपाळी त्यानं हे ओरडून ठेवलं होतं. सगळे शिकले, एक सोडून. मेहुणा डावखुरा. त्याचा आकडा नेहमी उलटाच वळायचा. किती वेळा बोटांवर पट्टी मारली, तरी उलटाच.

इथे आकडे उलटे होते.

टेस्टरनं पट्टी तशीच लोंबत सोडली आणि पलंगाशी धाव घेतली. तिथली उघडली. उलटे. न्हाणीघराची उघडली. उलटे! एकूण एक आकडा उलटा. ताप असो, वात असो, झोपेत असो, त्याचा हात असा वळलाच नसता. तहान लागल्यावर कुणी कानानं पाणी पितं का? आणि एका रांगेला एकच हात! म्हणजे ही अख्खी रांग...

"अगं!" तो ओरडला. "अगं, हे माझं नाही! इकडे ये, बघ! हा डावरा हात आहे. तुझ्या भावाचा हात आहे हा! मी नव्हतोच ह्या रांगेत! मी नाही केलं गं!"

त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. साठी उलटलेला माणूस, हातात नेलकटर घेऊन, लहान मुलासारखा नाचायचाच काय तो बाकी होता. मेहुण्यानं केसानं गळा कापला हे त्याच्या लक्षात यायचं होतं अजून. आधी नुसती सुटका. त्यानं आपले दोन्ही हात उन्हात धरून पाहिले, उलटे, सुलटे.

बायको पलंगावर बसली होती. ती उठली नाही, बघायला आली नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "जाऊ द्या. आता कशाला ते उकरून काढायचं?"

टेस्टरचा हात खाली आला.

"उकरून काढायचं म्हणजे?"

तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"तुला माहीत होतं?"

"त्यानं तेव्हाच येऊन सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "पायावर डोकं ठेवून रडला. कामाला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं, लग्न ठरलेलं. त्याला हाकलूनच दिलं असतं हो. तुम्ही जुने, तुम्हाला फार तर बाजूला बसवलं असतं. आणि तसंच झालं की नाही? घर चाललं, काही अडलं का आपलं?"

"तू मला सांगायचंस. मी घेतलं असतं माझ्या अंगावर. तुझा भाऊ म्हणून घेतलं असतं."

"तुम्ही? तुम्हाला खोटं कुठे पचतं? दुसऱ्या दिवशी साहेबापुढे बोलून बसला असता."

हे खरं होतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

"बावीस वर्षं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "माझ्या हातांना मी शिव्या घातल्या. पंख्याला परका माणूस आणला. पोरीच्या घरातून पळून गेलो. तू बघत होतीस. आणि बघून तू हसायचीस, अगं! बाबांची केबिन म्हणून नाव तू ठेवलंस. साहेबानं नाही, गोदीनं नाही. तू."

"थट्टेवारी नेलं तर तुम्हाला कमी लागेल, असं वाटलं मला."

"मला कमी लागेल, की तुला?"

ती रडायला लागली. एरवी ती रडली की टेस्टरचं पाणी पाणी व्हायचं. आज तो जागचा हलला नाही. मेहुण्याचं एक वेळ समजून घेता आलं असतं. भ्याला, खोटं बोलला, संपलं. पण हिच्या शेजारी तो रोज जेवला होता. तापातून उठल्यावर हिनंच त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हटलं होतं, होतात चुका माणसाच्या हातून. तेव्हा तिला माहीत होतं!

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलीचा होता, चेहरा दिसणारा. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि काय करू अशा नजरेनं त्याच्याकडे पाहिलं.

"घे," टेस्टर म्हणाला. "सांग तिला. मी नाही सांगणार, तू सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे तिला."

तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली, त्यानं स्पष्ट पाहिलं. फोन तिनं तोंडासमोर धरला. कार्ड काढलेलं, केबिनीत उन्हाचा एक पट्टा सोडला तर अंधारच होता.

"आई, पोचलात? कशी आहे केबिन? आणि एवढा अंधार का गं तिथे?"

टेस्टर समोर उभा होता, चार पावलांवर. तीन पट्ट्या भिंतीवर लोंबत होत्या.

बायकोनं एकदा त्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग तिनं नाक ओढलं आणि हसून म्हणाली, "छान आहे गं, मोठी आहे. दिव्यांचा तेवढा गोंधळ. तुझ्या बाबांचंच काम ना, दुसरं काय होणार!"

तिकडे मुलगी खदखदून हसली. "दे, बाबांना दे फोन! बघू तरी चेहरा कसा झालाय!"

बायकोनं फोन त्याच्यापुढे धरला. हात लांबवून, डोळ्यांनी विनवत, कितीतरी वेळ धरून ठेवला. त्यानं तो घेतला नाही.