दारवाले आणि तळमजल्यावरचा फ्लश

त्यांना सगळे दारवाले म्हणायचे. इमारतीतल्या लोकांची समजूत अशी, की म्हातारा पूर्वी कुठेतरी पहारेकरी असणार. ती खोडून काढायच्या फंदात ते कधी पडले नाहीत. खरं तर त्यांची सगळी नोकरी धरणाच्या दारांवर गेली होती. वरून हुकूम आला की आधी भोंगा वाजवायचा, म्हणजे नदीतली माणसं-गुरं काठाला लागतात. मग चाक फिरवून दार बोटभर उचलायचं आणि थांबायचं. पाण्याला वाट सापडली की आणखी थोडं.

"पाणी झोपेतून आपण होऊन उठलं पाहिजे," ते हाताखालच्या माणसांना सांगत, "दचकून उठलं की ते कुणाचं नसतं."

बायको गेली आणि मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन आला. मुलगा बस चालवायचा. उजाडायच्या आत बाहेर पडला की संध्याकाळीच तोंड दिसायचं. सून घरीच पडदे शिवायची. उंच इमारतीच्या तळमजल्यावरचं घर, आणि पुढच्या खोलीत दोरीवर सदा लांबच लांब कापडं टांगलेली. दुपारी उन्हाचा कवडसा त्या कापडांतून आत आला की खोली कधी निळी व्हायची, कधी शेवाळी. वाऱ्याची झुळूक आली की भिंतीवरचा उजेड संथ हलायचा. दारवाले खुर्चीत डोळे अर्धवट मिटून पडत, आणि त्यांना वाटे, आपण जलाशयाच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी शिलाई मशीनची होडी चाललीय. फार बरं वाटायचं.

सुखात मिठाचा खडा एकच होता. फ्लश.

पाण्याची टाकी गच्चीवर, आणि सगळ्या मजल्यांचा भार अंगावर घेऊन पाणी खाली यायचं ते थेट यांच्याच संडासात. भिंतीतलं बटण दाबलं की असा काही लोंढा उसळायचा, की कमोडच्या कडेवरून शिंतोडे उडून लेंगा भिजायचा. नळ थरथरायचे, आरसा खडखडायचा. पहिल्या दिवशी दारवाले बाहेर आले ते भिंत धरूनच.

त्याहून वाईट म्हणजे दुपारचं. ते त्या निळ्या उजेडात तरंगत असायचे आणि आत सून फ्लश दाबायची. धडधडत आवाज यायचा, आणि झोपेतच त्यांना वाटायचं, भोंगा न वाजवता कुणीतरी सगळी दारं उघडली! खाली बायका धुणं धूत असतील! ते धडपडत खिडकीशी जायचे. बाहेर नदी नसायची. उन्हात उभ्या केलेल्या सायकली असायच्या.

हे सांगायचं कुणाला? जन्मभर अख्खं तळं हातात धरलेला माणूस, आणि भितो कशाला, तर संडासाला! त्यांनी मनातल्या मनात एक तोड काढली. पाणी कमी प्यायचं, म्हणजे आत जायची पाळी कमी येईल. सुनेनं खुर्चीपाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी ते हळूच कुंडीत ओतून ठेवत.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी ते खुर्चीतून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खाली बसले. नशीब, खाली पडद्यांच्या कापडाचा ढीग होता. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "काही झालेलं नाही, आजोबा पाणीच पीत नाहीत."

घरी आल्यावर सून तांब्या घेऊन आली. मग त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, तांब्या तर रोज रिकामा असतो. पाणी जातं कुठे?"

दारवाल्यांनी कुंडीकडे पाहिलं. रोपटं चांगलं फोफावलं होतं.

"अहो, पण का?"

त्यांनी लेंग्याची नाडी बोटाला गुंडाळली. मग खाली मान घालून म्हणाले, "तो तुमचा फ्लश… फार अंगावर येतो गं."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मग मला काय कमी भीती वाटते? मी दार उघडं ठेवते, बटण दाबते आणि पळत सुटते! लग्न होऊन आले तेव्हापासून."

आता मात्र दोघंही हसली. तिनं प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, "तळमजला म्हटल्यावर जोर असणारच, ताई. होईल सवय."

"कसली सवय!" म्हणत तिनं फोन ठेवला आणि मशीनच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला. बटणाभोवतालचं झाकण उघडलं. आत हिरवट पडलेलं पितळ आणि मधोमध खाच असलेला एक जाड स्क्रू. तिनं स्क्रू ड्रायव्हर सासऱ्यांपुढे धरला.

"दार तुमचं, बाबा."

त्यांनी स्क्रूवर अंगठा ठेवला. पितळ गार होतं, आणि आत, भिंतीमागे, पाणी दबून उभं असल्याची बारीक कंपनं होती. ती त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी स्क्रू हळूहळू आवळला.

"भोंगा वाजवू?" सुनेनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तोंडानं लांबलचक भोंगा वाजवला.

बटण दाबलं, तर पाणी सर्दी झाल्यासारखं नुसतं सुरसुरलं. दारवाले ओशाळले. भीतीपोटी हात जरा जास्तच फिरला होता. सुनेनं कागदाचे कपटे आत टाकले. ते तसेच फिरत राहिले. त्यांनी स्क्रू किंचित सैल केला, कान देऊन ऐकलं, पुन्हा किंचित. या खेपेला पाणी कडेनं गोल वळत आलं, कपटे गोळा करून घेऊन गेलं आणि शांत झालं. आरसा हललासुद्धा नाही.

"आणखी एकदा," सून म्हणाली. खरं तर गरज नव्हती.

संध्याकाळी मुलगा आत जाऊन आला आणि म्हणाला, "पाणी गेलंय का? आवाजच नाही आला." दोघांनी हळूच एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून पडद्याला अस्तर लावत होती. दारवाले तांब्यातलं पाणी घोट घोट पीत होते. तिनं सहज विचारलं, "बाबा, तुमचं ते तळं होतं तरी केवढं?"

आजवर घरात हे कुणी विचारलं नव्हतं. ते सांगू लागले. पहाटे धुकं उतरलं की पलीकडचा काठ कसा दिसेनासा होई, पाणी आणि आभाळ एकच होई, पाणकोंबड्या त्यातून चालत आल्यासारख्या वाटत… बोलता बोलता शब्द लांबत गेले, आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मान खुर्चीच्या पाठीला टेकली होती.

सुनेनं मशीनच्या पायडलवरून पाय काढून घेतला, सुईत दोरा ओवला आणि उरलेली शिवण हातानंच घालायला बसली.