दोन्या एमेलिंदाच्या तलावाचं पाणी

वेंसेस्लाओला बेटावरच्या याबुकोआ गावाच्या डोंगरउतारावरची सगळी वस्ती वेंसे म्हणायची, आणि चेष्टेत ‘डबक्याचा डॉक्टर’. एकोणीस वर्षं तो दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एमेलिंदाच्या परसातला पोहायचा तलाव राखत होता. उन्हाळ्याच्या तोंडाला गुलमोहर झडायचा आणि जाळी तासातासाला भरायची. मग समुद्रापलीकडच्या वाळवंटातली धूळ यायची आणि पाण्यावर पिवळट साय धरायची. पावसाळ्यात एक दिवस हयगय झाली तरी पाणी हिरवं पडायचं. नाताळात मात्र ते इतकं गार आणि नितळ असायचं की तळाची एकेक फरशी दिसावी.

तलाव दोन्याच्या नवऱ्याने, एलादियोने बांधला होता. अर्धांगाचा झटका आल्यावर तो रोज सकाळी पाण्यात उतरून पाय हलवायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. आता पाण्यात कोणीच उतरत नव्हतं, तरी दोन्या पंप एक दिवसही बंद ठेवू द्यायची नाही.

सप्टेंबरात मोठ्या वादळाची बातमी आली. ऑर्लँडोहून दोन्याच्या लेकीचा फोन आला, की तलाव रिकामा करून टाका. दोन्याने वेंसेला विचारलं.

“मुळीच नाही,” वेंसे म्हणाला. “जमिनीत पाणी भरलं की रिकामा तलाव होडीसारखा वर उचलला जातो, दोन्या. त्याला त्याच्या वजनानेच धरून ठेवायचं.”

त्याने वीतभर पाणी कमी केलं, विजेचं बटण बंद करून पंपाची मोटर प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून खुर्च्या पाण्यात बुडवल्या, आणि मग घरी जाऊन बायकोसोबत पलंगाखाली शिरला.

सकाळी त्यांच्या घरावर पत्रा नव्हता. बायकोला बहिणीकडे पोचवून तो थेट तलावाकडे गेला. पाण्यात आंब्याची फांदी, कुणाचा तरी पत्रा, मेलेले बेडूक. तलाव मात्र जागच्या जागी होता. दोन्या काठावर उभी होती.

“स्वतःचं छप्पर उडालंय तुझं, आणि तू इथे?”

“तिथे उचलायला काही उरलं नाही,” तो म्हणाला आणि फांदी ओढू लागला.

वीज गेली ती गेलीच. नळही कोरडे पडले. चौथ्या दिवसापासून लोक बादल्या घेऊन फाटकाशी यायला लागले. संडासात ओतायला तरी पाणी हवं होतं. दोन्याने फाटकाला कुलूप घातलं.

“एलादियोचं पाणी आहे ते. संडासात नाही जायचं.”

पंप बंद होता, म्हणून वेंसे लांब दांड्याच्या ब्रशने पाणी ढवळायचा आणि उरलेल्या एका डब्यातली क्लोरीनची पूड मोजून टाकायचा. फाटकाबाहेरून शिव्या यायच्या: “डॉक्टर, डबक्याला औषध पाज रे, आम्ही मरतो पाण्यावाचून!” तो खाली मान घालून काम करायचा. घरी जाताना मात्र लोकांच्या नजरेला नजर देववत नसे.

दहाव्या दिवशी शेजारची नेरेइदा आली. हातात बादली नव्हती.

“आई गेली, दोन्या. पहाटे. दरड कोसळलीय, रस्ता बंद आहे, शववाहिका उद्याशिवाय येणार नाही. तिला अंघोळ घालायची आहे. तिचं अंग... घाण झालंय.”

दोन्या तलावाकडे वळली. मग म्हणाली, “वेंसे, पाणी अंगाला लावण्यासारखं आहे?”

“आहे. आज सकाळीच पूड टाकलीय.”

दोन्याने कुलूप काढलं आणि पहिली बादली स्वतःच भरली. गुडघे दुखायचे तिचे. तरी वाटेत दोनदा टेकत तिने ती नेरेइदाच्या घरापर्यंत नेली. नेरेइदाच्या म्हाताऱ्या आईचे, पेत्राचे, पाय तिने आपल्या हाताने धुतले. वेंसे बाहेर ओट्यावर टोपी काढून बसला होता. आतून ओतल्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

“एलादियोलाही अशीच अंघोळ घातली होती मी,” बाहेर आल्यावर ती म्हणाली. “कुलूप फेकून दे कुठेतरी.”

त्या दिवसापासून परसात रांग लागली. वेंसे रोज भिंतीच्या उघड्या पडलेल्या फरशा मोजून सांगायचा, आज एवढंच. जमीन अजून ओली आहे, एकदम उपसलं तर तलाव उचलला जाईल. कुणी कुरकुरलं तर दोन्याच दटावायची, “तो सांगतो ते ऐका.” नोव्हेंबरात पूड संपली आणि पाणी हिरवं झालं. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत ते घोट्याशी आलं. मग तळ उघडा पडला, आणि फरशांवर ओल्या जमिनीच्या रेट्याने पडलेल्या पाच-सहा चिरा दिसल्या. वेंसेने त्यांवरून बोट फिरवलं.

मार्चमध्ये वीज आली. वेंसेने बटण दाबलं आणि मोटर पहिल्याच फटक्यात चालू झाली. दोन्याने सज्जातून आवाज ऐकला आणि हाताने खूण केली: बंद कर. एप्रिलात लेक येऊन तिला ऑर्लँडोला घेऊन गेली. जाताना दोन्याने वेंसेचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

घर अजून बंद आहे. पावसाचं पाणी तळाशी साचतं. डास होऊ नयेत म्हणून वेंसे दर शनिवारी जातो, ते उपसून झाडांना घालतो आणि भिंती घासून ठेवतो. कोणी त्याला सांगितलेलं नाही.