मिडफिल्डरने सांगितलेल्या चुका

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या एका शनिवारी, नागोयातल्या आमच्या कंपनीच्या फुटबॉल क्लबने आपल्या जर्मन मिडफिल्डरचा करार पुढे न वाढवण्याचं ठरवलं. त्या दुपारी संघ तीन-शून्य जिंकला होता. त्यातला एक गोल त्याचा होता.

क्लब प्रादेशिक लीगमध्ये खेळायचा. खेळाडू दुपारपर्यंत कारखान्यात काम करत आणि मग सरावाला जात. आधीचा परदेशी खेळाडू भूकंपानंतर मायदेशी परतल्याने एक जागा रिकामी होती. तिथे हा आला. तिशी ओलांडलेला, जर्मनीच्या चौथ्या आणि पाचव्या श्रेणीत बरीच वर्षं काढलेला. करार एकेका वर्षाचा. त्याला आणखी एक वर्ष हवं होतं. ते त्याने मला कॅन्टीनमध्ये स्पष्ट सांगितलं होतं.

"नाही मिळालं तर?"

"मेहुण्याचं विम्याचं ऑफिस. टेबल तयार ठेवलंय त्याने. खिडकीपाशी."

मी कंपनीचं इंग्रजी बुलेटिन काढायचो. त्याआधी मुंबईत एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. मला त्याचा दुभाषा नेमण्यात आलं, कारण आम्ही दोघेही परदेशी होतो. आमच्या विभागप्रमुखांच्या मते दोन परदेशी माणसांना एकमेकांचं समजतंच.

माझी बायको तेव्हा तिथल्या विद्यापीठात पीएचडीनंतरचं संशोधन करत होती. तिने विचारलं, "तुला ऑफसाइड म्हणजे काय ते तरी माहितीये का?"

"दुभाष्याला माहीत असावं लागत नाही."

"बरोबर. मग क्रिकेटचंच सांग त्याला. त्यालाही माहीत असावं लागत नाही."

क्लबमध्ये प्रत्येक सामन्यानंतर हान्सेइकाई, म्हणजे आत्मपरीक्षणाची सभा, होत असे. सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि एकेकाने उठून आपली चूक सांगायची. सामना जिंकला तरी. गोलकीपर म्हणायचा, "माझा आवाज कमी पडला." कर्णधार म्हणायचा, "माझी तयारी अपुरी होती." मग सगळे वाकून नमस्कार करत आणि घरी जात. गोलकीपरचा आवाज वर्षभर कमी पडत होता. त्याबद्दल कोणी काही करत नव्हतं.

पहिल्या सभेत जर्मन उठला आणि इंग्रजीत म्हणाला, "माझी चूक नाही. चूक राइट बॅकची होती. दोनदा." मी जपानीत तसंच सांगितलं. राइट बॅकने उभं राहून वाकून त्याचे आभार मानले.

क्लबच्या मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "पद्धत समजावून सांगा त्यांना. दुसऱ्याचं नाही, स्वतःचं सांगायचं."

मी समजावलं. जर्मनने विचारलं, "खरं सांगायचं?"

हा प्रश्न मी मॅनेजरपुढे ठेवला. ते म्हणाले, "अर्थातच. अगदी मनापासून."

हेही मी कळवलं. पुढचे काही महिने जर्मन नुसताच उठून वाकायचा. मला म्हणायचा, "अजून विचार करतोय."

डिसेंबरचा सामना मोसमातला शेवटचा होता. करारांचा निर्णय त्याच संध्याकाळी व्हायचा होता, म्हणून सभेला मॅनेजरबरोबर कंपनीचे दोन वरिष्ठही बसले होते. त्यातले एक कारखान्याच्या क्वालिटी विभागाचे प्रमुख. जर्मनची पाळी आली. या वेळी त्याची तयारी दिसत होती.

"माझा डावा पाय फक्त उभं राहण्यासाठी आहे," तो म्हणाला. मी भाषांतर केलं. "मागे धावायचा मला कंटाळा येतो, म्हणून मी हात वर करून ऑफसाइड मागतो. बहुतेक वेळा तो नसतो." मी भाषांतर केलं. "उजवा गुडघा उन्हाळ्यापासून दुखतो. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आणि आजचा गोल. तो पास होता."

मी तेही सांगितलं.

मॅनेजर म्हणाले, "गुडघा कुठला म्हणालात?"

"उजवा."

"उन्हाळ्यापासून?"

"हो."

त्याच्यानंतर गोलकीपरचा नंबर होता. तो उठला, म्हणाला, "माझा आवाज..." आणि बसला.

बाहेर पार्किंगमध्ये जर्मनने मला विचारलं, "नीट झालं ना?"

"सगळं पोचलं."

"मग करार होईल."

मॅनेजरने निर्णय कळवला तेव्हा कारणही दिलं: खेळाडूचं स्वतःचंच तसं मत आहे. जर्मन मला म्हणाला, "पण सगळ्यांनीच चुका सांगितल्या की." त्यावर मी गोलकीपरच्या आवाजाबद्दल खुलासा केला. तो त्याने ऐकून घेतला. मग विचारलं, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. मॅनेजरही बोलले नाहीत."

सोमवारी क्वालिटी विभागाच्या प्रमुखांनी आम्हा दोघांना बोलावलं. इतक्या वर्षांत कंपनीच्या कुठल्याही सभेत दोष इतक्या स्पष्टपणे मांडलेला ऐकला नव्हता, असं ते म्हणाले. त्यांनी त्याला तपासणीच्या कामावर कायम नोकरी देऊ केली. जर्मनने एकच प्रश्न विचारला.

"तुमच्या विभागाची टीम आहे?"

"आहे. सॉफ्टबॉलची."

त्याने आभार मानून नकार दिला.

फेब्रुवारीत तो ओसाकाजवळच्या एका क्लबकडे चाचणीला गेला. हा क्लब एक पायरी खालच्या लीगमध्ये होता. तिथे त्याला गुडघ्याबद्दल विचारण्यात आलं. दुभाषा मी नव्हतो, त्यामुळे त्याने काय उत्तर दिलं याची मला खात्री करून घेता आलेली नाही. क्लबने त्याला एका वर्षासाठी घेतलं. मोसमाच्या पहिल्या सामन्यात तो दुसऱ्या हाफमध्ये बदली खेळाडू म्हणून उतरला आणि शेवटपर्यंत मिडफिल्डमध्ये खेळला.