पाखरांची नळी

कृष्णाकाकी नवऱ्याचं सगळं ऐकायची, कारण तो जवळजवळ वर्षभर बोटीवर असायचा. तो वारल्यावर तिच्याकडे राहिलं खाडीकाठचं वायंगणी भाताचं शेत, टेकडीखालची रताळी, आणि त्याने हौसेने घेतलेली दुनळी बंदूक. पीक राखायचा परवाना तिने स्वतः देवगडला खेटे घालून आपल्या नावावर करून आणला. विजयदुर्गाच्या खाडीकडच्या आमच्या वाडीत बंदूक चालवणारी बाई ती एकच. मी तिची शेजारीण. साठ-एकसष्टची गोष्ट असेल, कोल्हापूरला कॉलेजात होते आणि शिमग्याला घरी आले होते.

येऊन बघते तर काकीच्या अंगणात भांडण जुंपलेलं. शिमग्यात गावाची पारध निघते. हाकारे रान उठवतात, बंदूकवाले ठरलेल्या जागी बसतात. आदल्या वर्षी एक थोराड डुक्कर काकीच्या समोरून गेला, तिने बार काढला, आणि तो सुखरूप पुढे जाऊन तिचा दीर भिकाजी याचा कुत्रा फाडून रानात गडप झाला. भिकाजीचा त्या कुत्र्यावर बायकोपेक्षा जास्त जीव. तेव्हापासून तो भावाची ही बंदूक मागत होता.

"बायल माणसाक बंदूक कित्याक गो? डुकर हसतलो!"

"परार साली तुमच्या समोरसून गेलो, भावजी. तेव्हा काय रडत गेलो?"

शेवटी पारध काढणाऱ्या तुकाराम गावकराने तोड काढली. काकीने याही वर्षी बसावं. डुक्कर तिच्यासमोरून जिवंत गेला, तर बंदूक परवान्यासकट भिकाजीची. काकी "बरा" म्हणाली, पण आत येऊन मला म्हणाली, "नेम चुकलो नव्हतो गो माझो. मग तो डुकर जगलो कसो?"

आता बंदुकीचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिच्या उजव्या नळीचं तोंड जवळजवळ सरळ होतं. डावी तोंडाशी किंचित आवळलेली. त्या आवळण्याला चोक म्हणतात. बारीक छरे आवळून सुटले की लांबवर एकत्र जातात. म्हणून आमच्या गावात सगळे छातीठोक सांगायचे, उजवी नळी पाखरांची, डावी डुकराची. काकीनेही आदल्या वर्षी डावीच ओढली होती. पण डुकराला बारीक छरे मारतच नाहीत! त्याला एलजीचं काडतूस, म्हणजे वाटाण्याएवढ्या मोजक्याच गोळ्या. त्या आवळल्यावर काय करतात हे कोणी पाहिलंच नव्हतं. कुणाच्या तरी आजोबांनी सांगितलं, संपलं. मला असला आळशीपणा तेव्हाही खपत नसे.

"बघूया ना मग," मी म्हटलं.

काकीने माळ्यावरून जुनं शीड काढलं. आम्ही ते चिरेखाणीत नेलं, म्हणजे मागे दगडाची भिंत. त्यावर मी कोळशाने डुक्कर काढला.

"हो डुकर काय गाभण म्हस?" काकी म्हणाली.

तिच्या बसायच्या जागेपासून डुकराच्या वाटेपर्यंतचं अंतर आम्ही जाळ्याच्या दोरीने मोजलं होतं. तेवढ्यावरून तिने दगडावर नळी टेकवून डावा बार काढला. धावत गेलो. एक भोक कानात, एक शेपटीपाशी, दोन डुकराच्या बाहेर, आणि छातीच्या जागी शीड कोरं करकरीत! पुन्हा डावी. पुन्हा तोच गोंधळ. आवळलेल्या तोंडात मोठ्या गोळ्या एकमेकींवर दाबल्या जाऊन चेपत असणार आणि वाटेल तिकडे पांगत असणार. मग उजवी. मी धावले ती किंचाळतच. सगळ्या गोळ्या खांद्यात आणि छातीत, वर एक सूप ठेवलं तर झाकल्या जातील अशा!

काकीने त्या भोकांतून एकेक बोट घालून पाहिलं. "मेल्यांनी माका खोट्यात पाडल्यानी," ती म्हणाली आणि हसत सुटली.

पारधीच्या सकाळी भिकाजीला हे कळलं. त्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं, "आयकलास? वैनी पाखरांच्या नळयेन डुकर मारतली! मागसून अंडीय घालतलो तो!"

मी काकीच्या मागे काजूवर चढून बसले. बाईने यायचं नसतं वगैरे मला कोण सांगणार? खालून ढोल, डबे, आरोळ्या. करवंदीची जाळी हलली आणि तो निघाला. काळा, पाठीवरचे केस उभे, आमच्या कोळशाच्या डुकराहून मोठाच!

शेजारच्या जागेवरून भिकाजी ओरडला, "डावी, वैनी! डावी ओढ!"

काकीने उजवी ओढली.

डुक्कर पुढच्या गुडघ्यांवर आपटला. मी काजूवरून "मारलो!" म्हणून ओरडले, आणि तो उठला. उठला तो सरळ काकीवर! नळी पुन्हा भरायला वेळ कुठला? हातात उरली होती फक्त डावी, पांगणारी. काकी हलली नाही. दातांवरची माती दिसेपर्यंत तिने त्याला येऊ दिलं, आणि मग बार काढला. इतक्या जवळून गोळ्यांना पांगायला जागाच नव्हती. तो तिच्या पायांशी कोसळला. मी झाडावरून उतरले की पडले, आठवत नाही.

सगळे धावत आले. भिकाजी पहिला. त्याने डुक्कर उलटापालटा करून पाहिला आणि जाहीर केलं, "मेलो तो डाव्या नळयेन! मी काय सांगलंय?"

"खांद्यातली भोकां बघ, मेल्या," तुकाराम गावकर म्हणाला. "ती नसती तर आज तुझ्या वैनीक उचलून नेवचा लागला असता. पयल्याच बारान अर्धो मेल्लो तो."

"अर्धो! पुरो खंयच्या नळयेन मेलो?"

अर्धी वाडी उजवीकडून, अर्धी डावीकडून भांडू लागली. डुक्कर राहिला बाजूला. काकी दगडावर बसून घाम पुसत ऐकत होती. मग उठली, दोन्ही रिकामी काडतुसं काढली आणि बंदूक खांद्यावर टाकली.

"उजवीन मेलो काय डावीन, ता तुमी ठरवा," ती म्हणाली. "दोनय नळयो माझ्योच."

आणि रताळ्यांना पाणी घालायला निघून गेली.