अनारकुलच्या दोन थैल्या

चार तोकोच, म्हणजे तेलातल्या छोट्या भाकऱ्या, तळून झाले होते, तीन लाटून पाटावर पडले होते. दर शुक्रवारी गेलेल्या माणसांच्या नावानं सात तळायचे आणि तळताना मध्ये उठायचं नाही, हे मी या घरात सून म्हणून आल्यापासून पाळते. पण अनारकुल एजे दारात आली आणि म्हणाली, "कढई उतरव गं थोडी. सोमवारी अर्जाची मुदत संपतेय. तुझी वही काढ."

मी कढई उतरवली. अल्लाह माफ करील.

अनारकुल आमच्या शेजारची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई. चव्वेचाळीसची आहे. तिचा नवरा सातार ट्रक चालवायचा. माल घेऊन दोलोन घाट चढायचा, आणि मूलबाळ नसल्यामुळे हीसुद्धा दहा वर्षं त्याच्या शेजारच्या सीटवर बसून गेली. घाटातलं प्रत्येक वळण तिला पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी सातार झोपेतच गेला. ट्रक मालकाचा होता, तो मालक घेऊन गेला. हिच्याकडे दोन दुभत्या गाई आणि एक कालवड राहिली. तेव्हापासून ती चक्क्याचे गोळे वळते, उन्हात खडखडीत वाळवते आणि तो कुरुत आमच्या कोचकोरच्या नाक्यावर ट्रकवाल्यांना विकते.

यंदा तिनं ठरवलं, आपणच ट्रक शिकायचा. राजधानीतल्या एका खाजगी शाळेचा कागद तिच्याकडे होता. चार महिन्यांचं शिक्षण, ऐंशी हजार सोम फी, तिथं राहण्याखाण्याचे साठ हजार वेगळे. पैसे नसतील तर शाळाच कर्ज मिळवून देणार. तारण दोन्ही गाई. कागदावर ठळक छापलं होतं, ट्रकचालकाची कमाई महिना सत्तर हजार.

"छापलंय ते खरं कशावरून?" मी मागेच विचारलं होतं.

"तेच तर बघतेय," ती म्हणाली होती.

तिनं बघितलं ते असं. नाक्यावर कर्ज काढून शिकलेला कुणी ट्रकवाला किंवा बसवाला थांबला की आधी त्याच्यासमोर नान मोडायचा, चहा ओतायचा, आणि त्यानं घास हातात घेतला की मग विचारायचं. नान हातात धरून आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. एर्मेक नावाचा एक ट्रकवाला आदल्या दिवशी सगळ्या नाक्याला सत्तर हजारांच्या गोष्टी सांगत होता. नान हातात आल्यावर त्याचा आवाज खाली आला. "एजे, सत्तर मिळतात ते चांगल्या महिन्यात. हिवाळ्यात घाट बंद, टायर फुटला तर मालक कापून घेतो. चौथं वर्ष आहे, अजून हप्ते भरतोय. आईला सांगू नकोस."

चहा ओतता ओतता लिहिणार कसं, म्हणून ती मोजायला कुरुतच वापरायची. कर्ज फिटलं असेल तर लाल थैलीत एक गोळा, भरतोय असं म्हणाला तर निळ्या थैलीत. ट्रकवाल्यांचे गोळे मोठे, बसवाल्यांचे लहान. दोन महिने हे चाललं होतं, आणि थैल्या असायच्या आमच्या ओट्यावर, कारण तिच्या घरात उंदीर फार.

मी वही उघडली, तिनं थैल्या ओतल्या. निळीतून चार मोठे निघाले, एक लहान.

"सहा हवे होते," ती म्हणाली. "मोठे सहा टाकलेत मी."

खिडकीशी बसलेल्या माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही अपा म्हणतो, जपमाळ ओढत होत्या. त्यांचा गाल फुगलेला दिसला.

"अपा, तोंडात काय आहे?"

"घरात ठेवलंय ते खायचं नाही, असं कधीपासून?"

अनारकुल हसता हसता जमिनीवरच बसली. "दोन माणसांचं कर्ज एका बसणीत फेडलंत की हो, अपा."

"खारट होते," अपा म्हणाल्या. "मीठ जरा कमी घालत जा."

मी लिहून घेतलं. ट्रकवाले नऊ, त्यातल्या तिघांचं कर्ज फिटलं, सहाजण अजून भरतायत. बसवाले पाच, आमच्याच गावातल्या सरकारी शाळेत शिकलेले. चौघांचं वर्षाच्या आत फिटलं. पाचव्यानं त्याच कर्जात लग्न उरकलं, म्हणून राहिलं. तिथली फी वीस हजार. कमाई महिना तीस, पण बाराही महिने, आणि झोपायला घरी.

"वीस तर कालवड विकूनही येतील," मी म्हटलं. "कर्जच नको. गाईही राहतील."

हिशोब अनारकुलला कळला होता. ती हलकेच म्हणाली, "मला त्याच्या जागेवर बसून एकदा दोलोन चढायचा होता गं. एवढंच होतं."

माळ थांबवून अपा म्हणाल्या, "नारीन शहराची बस कुठून जाते?"

"दोलोनवरूनच जाते, अपा."

"मग? घाट काय ट्रकला वेगळा नि बसला वेगळा बांधलाय? तुझा सातार तुला एकटीला घेऊन चढायचा. तू वीस माणसं घेऊन चढ. वर पोचलीस की सगळी मिळून त्याच्यासाठी दुव्याला हात उचलतील."

अनारकुलनं थैल्यांकडे बघितलं. मग राजधानीच्या शाळेचा कागद तिनं स्वतःच उचलला, चार घड्या घातल्या आणि चुलीत सारला. डोळे पुसले ते धुरानं म्हणून पुसले असं मी मानलं.

कढई पुन्हा चढवली. राहिलेले तीन तोकोच तिनं तळले, मी नाही. शेवटचा तेलात सोडताना ती ओठातल्या ओठात सातारचं नाव घेत होती. आम्ही तिघींनी कुराणातली आयत म्हटली, तोंडावरून हात फिरवले आणि गरम गरम खाल्ले.

सरकारी शाळेला अर्जाबरोबर नजरेचा दाखला लागतो. सोमवारी सकाळी आठ वाजता अनारकुल दवाखान्यात डोळे तपासून घ्यायला जाणार आहे.