संडासावर नाव कुणाचं

“मॅडम बसल्यात, जरा जपून बोला,” मुख्याध्यापक अध्यक्षांच्या कानाशी पुटपुटले. खोली लहान होती, त्यामुळे मला स्वच्छ ऐकू आलं. मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

विषय होता शाळेत मुलींसाठी संडास बांधण्याचा. पण तो शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारेना. अर्धा तास नुसती ‘मुलींची ती सोय’ चालली होती. एका म्हाताऱ्या संचालकांना वाटलं, एसटीच्या पासाचं बोलणं आहे. ते म्हणाले, “डेपोतला सायेब आपल्या ओळखीचा हाय, मी बोलतो.”

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी आंबेगाव तालुक्यातल्या त्या गावात इंग्रजी शिकवायला नारायणगावहून जीपने यायचे. माझं शिक्षण पुण्यात, इंग्रजी माध्यमातलं, म्हणून कंपन्यांना देणगीसाठी लिहायचे अर्ज माझ्याकडे असायचे आणि त्यासाठी मला संस्थेच्या बैठकीला बसवत. बोलायचं काम मात्र नसायचं. ते मला फार आवडायचं.

शाळेत मुलींना जायला जागाच नव्हती. मुलगे कुंपणापलीकडे जात. मुली सकाळपासून पाणी पीत नसत आणि मधल्या सुट्टीत घर गाठत. लांबच्या वस्तीवरच्या परत येत नसत. दुपारनंतर नववीत मी निम्म्या बाकांना शिकवायचे. माझ्यापुरती सोय समोरच्या काकूंच्या घरी होती, पण काकू चहा घेतल्याशिवाय सोडत नसत. “मॅडम दारात आल्या नि तशाच गेल्या, लोकं काय म्हणत्याल?” मग कपभर चहा, आणि त्या चहापायी पुन्हा काकूंचं दार. शेवटी मीही पाणी पिणं सोडलं.

आमच्याकडे शाळेला देणगी म्हणजे नाव आलंच. पाण्याच्या टाकीवर नाव, घंटेवर नाव, ऑफिसातल्या आरशावर तर इतकं मोठं नाव की तोंड दिसायचं नाही. माझ्या वर्गातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर एकाच कैलासवासी आजोबांचं नाव होतं. पंखा सुरू झाला की आजोबा दिसेनासे होत, वीज गेली की परत येत. वीज फार जायची, त्यामुळे आजोबा बहुतेक वर्गातच असत.

त्या वर्षी तीन कामं ठरली होती. रस्त्याकडे तोंड करून एक कमान, एक कॉम्प्युटरची खोली आणि ती सोय. कमानीसाठी दोन घरांत चढाओढ लागली होती. सोयीचे पैसे देणार होते गावचेच एक व्यापारी. मुंबईच्या मार्केटात त्यांचा कांद्याचा गाळा होता. आईच्या नावानं काहीतरी करायचं म्हणून ते मुद्दाम आले होते. काय करायचंय ते मात्र त्यांना आत्ताच कळलं होतं.

“आमच्या आईचं नाव त्याच्यावर? काय बोलताय राव!” ते म्हणाले. “म्हातारी माळकरी व्हती. मी कांद्याचा व्यापारी, पण ती व्हती तवर घरात कांदा आला न्हाई.”

“मंग नाव नका देऊ. पैसं द्या,” अध्यक्ष म्हणाले.

“पैसं देतो की. पण बिननावाचं बांधलं तर लोकं म्हणत्याल, दोन नंबरचा पैसा पुरला.”

“आणि उरलेला आम्ही खाल्ला म्हणतील,” मुख्याध्यापक म्हणाले.

“भाऊ, तुमच्या चुलत्याचं टाका की नाव,” अध्यक्षांनी सुचवलं. “तसाबी बांधाचा दावा चालूच हाय.”

“आवो, त्यो जिता हाय!”

“मंग तर लईच ब्येस.”

सगळे पोट धरून हसले. मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “असं करू, यंदा कमान उरकू. ती सोय बघू पुढल्या साली.”

माना डोलल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. मधली सुट्टी झाली होती आणि माझ्या नववीतल्या दोघी वस्तीकडच्या कॅनॉलच्या वाटेला लागल्या होत्या. पाठीला दप्तरं होती. दप्तर घेऊन निघालेली मुलगी त्या दिवशी परत येत नाही, एवढं मला कळायला लागलं होतं.

“माझं घाला,” मी म्हणाले.

“काय म्हणत्यात?” एसटीवाल्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

“त्यांचं नाव घाला म्हणत्यात,” व्यापारी म्हणाले.

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. “मॅडम, तसा नियम नाही, पण सहसा कैलासवासी असावं लागतं.”

“आन् तुमचं लगीन व्हायचंय अजून,” अध्यक्ष कळवळून म्हणाले. “उद्या पावणं तुमची चौकशी कराय शाळेत यायचं, नि पहिलं दर्शन त्याचं व्हायचं!”

व्यापाऱ्यांनी टोपी काढून तोंडापुढे धरली. त्यांचे खांदे हलत होते. माझे कान तापले होते. मी उभी राहिले.

“येऊ द्या पाहुणे,” मी म्हणाले. “मुलींचा संडास, असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि खाली माझं नाव. आणि दाराला कडी आतून बसवा.”