पाचव्या दिवसाची चादर

"योजना सफल झाली की फसली, हे मला काय विचारतोस? चादरींना विचार."

"अरे वाफ्या, पण आकडे बघ की! शंभरातल्या नव्वद घरांत विम्याचं कार्ड पोचलंय आता."

"पोचलंय ना, मी कुठे नाही म्हणतोय? आधी दिवसाला तीनशे चादरी धुवायचो, आता सातशे. ही वरची चारशे माणसं आधी काय ठणठणीत होती होय? घरात कण्हत पडलेली असायची."

"मग झाली की योजना सफल! उगाच तोंड वाकडं का करतोस?"

"पुढचं ऐक. आधी माणूस घरी जायचा तेव्हा त्याची शेवटची चादर कोरडी यायची. घामाचा वास, बस. आता शेवटच्या चादरीसुद्धा ओल्या येतात. रक्ताच्या, पुवाच्या. म्हणजे माणूस बरा होऊन जात नाही, दिवस भरले म्हणून जातो."

मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत दुपारच्या डब्याला हा वाद रोज रंगायचा. एका बाजूला कार्डाच्या खिडकीवरचा कारकून. त्याला सगळे कार्डवाला म्हणत. नवी आरोग्य विमा योजना म्हणजे जणू त्याच्या घरचंच लग्न, कुणी नाव ठेवलं की लागलीच चवताळायचा. दुसऱ्या बाजूला बॉयलरवाला. पगारातून हप्ता कापायला लागल्यापासून तो योजनेवर खार खाऊन होता. आणि मधे वाफ्या.

वाफ्याला त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव आता पगारपत्रकाखेरीज कुठे राहिलं नव्हतं. तेवीस वर्षं वाफेत काढलेली. चेहरा सदा लालबुंद, भुवया विरळ झालेल्या, हाताची बोटं पाण्याने पांढरीफटक. चादर अंधारात हातात दिली तर ती कुठल्या वॉर्डाची ते सांगेल असा माणूस. वॉर्डातल्या मावश्यांना त्यानेच शिस्त लावली होती: रक्ता-पुवाची चादर असेल तर कोपऱ्याला गाठ मारायची. गाठीच्या चादरी वेगळ्या हौदात, गरम सोड्यात. गाठ विसरली तर वाफ्या मावशीच्या सात पिढ्या उद्धरायचा.

पैशाचं कोडं त्याला कार्डवाल्यानेच उलगडून सांगितलेलं. सरकार दवाखान्याला दिवसाप्रमाणे देत नाही, ऑपरेशनप्रमाणे ठोक देतं. आतड्याच्या ऑपरेशनला पाच दिवस धरलेत. सहाव्या दिवसाचं दूध आणि औषध दवाखान्याच्या खिशातून. मग सहावा दिवस कोण उजाडू देईल?

एरवी वाफ्याला या वादाची चव यायची. त्या दिवशी त्याचं डब्याकडेही लक्ष नव्हतं. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात अठरा नंबरच्या खाटेवर त्याची वहिनी होती. आतड्याला पीळ पडला म्हणून पोट उघडावं लागलं होतं, त्याला आज चौथा दिवस.

वहिनी घरात आली तेव्हा वाफ्या सहा वर्षांचा होता. आई आधीच गेलेली. कार्ड-बिर्ड नव्हतं तेव्हा. बैलगाडीतून आणलं नि दवाखान्याच्या दारातच तिने मान टाकली. पुढे हा शेंबडा दीर वहिनीच्याच पदराखाली वाढला. ओढ्यावर गोधडी कशी तुडवायची, कुठला डाग गार पाण्याने जातो, कुठला गरम पाण्याने पक्का बसतो, हे सगळं तिचंच शिक्षण. लाँड्रीत चिकटला तेव्हा ती म्हणाली होती, "बघा भाऊजी, मी शिकवलेल्या कामाला सरकार पगार देतंय. मला निम्मा पाठवा."

डबा आवरता आवरता कार्डवाला हळूच म्हणाला, "उद्या तिचा पाचवा. दोन दिवस वाढवून मागायचे का? डॉक्टर सही देतो म्हणालेत, पण पथकाच्या गडबडीत त्यांना जखम उघडून बघायला सवड नाही, आणि अर्जात कारण लागतं. 'जखम अजून ओली आहे' असं लिहावं लागेल. उद्या वरून तपासणीचं पथक येतंय, त्यातला डॉक्टर येऊन बघेल. खोटं निघालं तर माझी खिडकी बंद. उद्या अकरापर्यंत सांग, मी अर्ज लिहून ठेवतो."

"सांगतो," वाफ्या म्हणाला.

सांगणार कसं? जखम होती बेंबीखाली. वहिनीला कसं म्हणायचं, पदर बाजूला करा, बघू द्या? ज्या बाईने त्याला न्हाऊमाखू घातलं, तिच्या अंगाकडे बघायची त्याची छाती नव्हती. आणि विचारून काय होणार? ती म्हणणार, "मी बरी आहे, भाऊजी. खाट अडवून कशाला बसू?" दादा तर घरी जनावरांपाशी. पुतणी लग्न होऊन लांब. मग वाफ्याने ठरवलं, चादर बघायची. तेवीस वर्षं ज्या खुणेवर भरवसा ठेवला, तिच्यावर अजून एकदा ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासूनच दवाखान्यात धावपळ. पथक येणार म्हणून जिन्याला फिनेल, दारांना तेल. सहा वाजता मोठी सिस्टर स्वतः लाँड्रीच्या दारात. "वाफ्या, कोऱ्या साठ चादरी काढ. सर्जरी वॉर्डाच्या सगळ्या खाटा बदलायच्यात." वाफ्याने कपाट उघडलं, साठ मोजून ट्रॉलीवर रचल्या. स्वतःच्या हाताने. वर बजावलं, "उतरवलेल्या लगेच खाली पाठवा." सिस्टरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उतरवलेल्या चादरींची गाठोडी पथकाच्या वाटेत नकोत म्हणून मावशीने जिन्याखालच्या खोलीत कोंबली नि बाहेरून कडी घातली.

साडेदहाला वाफ्या वॉर्डात गेला. सिस्टरला विचारलं तर ती पळता पळता म्हणाली, "बरी आहे, बरी आहे." वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"वहिनी, जरा या कुशीवर व्हा. चादर नीट करतो."

"इथेही तुमची चादरच का, भाऊजी?" ती हसली. हसताना पोट धरलं. ते त्याला दिसलं, पण नजर चादरीवर होती. कमरेखालची जागा त्याने तळहाताने चाचपली. कोरडी. पांढरीशुभ्र. कुठे पिवळी रेघ नाही. चादर बगळ्यासारखी होती आणि त्याला हायसं वाटलं. चार-साडेचार तासांपूर्वीच ती आपल्याच कपाटातून निघालीये, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

अकराला तो खिडकीशी जाऊन म्हणाला, "नको वाढवूस. कोरडी आहे."

"बघितलंस नीट?"

"चादर बघितली."

कार्डवाल्याने लिहिलेला अर्ज चुरगाळून टाकला.

पथक लाँड्रीतही आलं. त्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. योजना कशी वाटते?" बॉयलरवाला मागून डोळे वटारत होता. वाफ्या म्हणाला, "चांगली आहे, बाई. आमच्याच घरचा पेशंट आज बरा होऊन चाललाय." बाईंनी ते लिहून घेतलं.

संध्याकाळी त्याने वहिनीला जीपने गावाकडे पोचवलं नि शेवटच्या गाडीने परतला.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालची गाठोडी खाली आली. वाफ्या नेहमीसारखा गाठी चाचपत वेगळ्या काढत होता. एक चादर उलगडली, कोपऱ्याला लाल दोऱ्याने अठरा शिवलेलं. मधोमध ताटलीएवढा पिवळा-हिरवा डाग, वास मारणारा. गाठही होती. दुहेरी. मावशीने काम चोख केलं होतं.

बॉयलरवाल्याने नंतर सांगितलं, "तो ओरडलाबिरडला नाही. चादर हौदात टाकली, हात धुतले नि चपला न घालताच गेला."

गावात पोचला तेव्हा वहिनी तापाने फणफणलेली. पोट दगडासारखं. रात्रीच परत आणली. पुन्हा पोट उघडलं, पण विष रक्तात उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. शेवटपर्यंत कार्डाने एक पैसा पडू दिला नाही, हे कार्डवाल्याने दोनदा सांगितलं. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं नि तो खिडकीकडे निघून गेला.

तेराव्यापर्यंत दादा वाफ्याशी बोलला नाही. चौदाव्या दिवशी वाफ्या निघाला तेव्हा दादा गोठ्याच्या दाराशी उभा होता. "तू तिथे असतोस," तो म्हणाला, "म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभराने पथकाचा अहवाल पेपरात आला. कार्डवाल्याने तो दुपारी आणला, पण यावेळी मोठ्याने वाचायचं सोडून घडी करून खिशात घालायला लागला. बॉयलरवाल्याने हिसकावून वाचला. "दवाखान्यात राहण्याचे दिवस नवावरून पाचावर. रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाताहेत. योजना यशस्वी..." पुढे त्याने एक सणसणीत शिवी हासडली. "आता बोल, वाफ्या! तूच सांग. सफल का फसली?"

वाफ्याने डब्याचं झाकण बोटाने फिरवलं.

"आई दारात गेली," तो म्हणाला. "वहिनी खाटेवर गेली, दोनदा पोट उघडून, फुकटात. फसली कसं म्हणू? आणि सफल म्हणायला मी एकदा बाईंपुढे तोंड उघडलंय, तेवढं पुरे."

"पण चूक कुणाची?" कार्डवाला पुटपुटला. "सिस्टरची की पाच दिवसांची?"

"अर्ज तू लिहिला होतास. नको म्हणालो तो मी."

बॉयलरवाला उगाच शेगडीतला कोळसा ढोसत बसला. तेवढ्यात पिळण्याच्या मशीनने गचके देऊन भोंगा दिला. ओला माल आत राहिला तर चुण्या पडतात, मग दोनदा इस्त्री. वाफ्याने डबा बंद केला, बाह्या वर सारल्या आणि मशीनचं झाकण उघडलं. वाफेचा लोट तोंडावर आला. त्याने पहिली चादर ओढली, दोन्ही टोकं धरून झटकली, आणि पलीकडचं टोक धरायला बॉयलरवाल्याला हाक मारली.